गाडी का विकताय?

आमच्या सहादेवरावांनी गाडी विकायला काढली, हे इंद्रलोक भागातल्या आमच्या सोसायटीत ज्याने ऐकलं त्याला आधी खोटंच वाटलं. मलाही वाटलं. सकाळी पोहे खाता खाता ते म्हणाले, "वैजू, गाडी काढून टाकू म्हणतोय," आणि मी हातात कढई घेऊन तशीच उभी राहिले. हा माणूस एक वेळ मला कायमची माहेरी पाठवील, पण ती गाडी सोडणार नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

"का?" मी विचारलं.

"पंधरा वर्षं होत आली तिला. पुन्हा पासिंग, पुन्हा टॅक्स, आरटीओच्या खेपा. कोण करतंय ती दगदग?"

आणि ते खाली मान घालून पोहे खायला लागले.

आता ही गाडी म्हणजे काय ते सांगते. चंदेरी रंगाची, छोटीशी, मागे तिघं बसली की मधल्याने गुडघे छातीशी घ्यायचे अशी. आम्ही घेतली तेव्हाच ती तीन वर्षं वापरलेली होती. मीरा रोडच्या एका दातांच्या डॉक्टरांनी मोठी गाडी घेतली म्हणून ही आम्हाला झेपेल अशा भावात मिळाली. तेव्हा सगळ्यांनी आम्हाला वेड्यात काढलं. जुनी गाडी घेताय, अर्धा वेळ गॅरेजमध्ये बसाल म्हणाले. माझ्या भावाने तर धक्का मारायला मला फोन करू नका, असं आधीच सांगून ठेवलं होतं.

त्याला फोन करायची वेळ कधी आली नाही. गाडी आम्हाला गावी उदगीरला घेऊन गेली आणि घेऊन आली, दर वर्षी. पायलच्या, म्हणजे आमच्या लेकीच्या लग्नात नवरीला हॉलवर तिनेच नेलं. सोसायटीतल्या दोन बाळंतिणी तिच्यातून दवाखान्यात गेल्या. पावसात खाडीचं पाणी रस्त्यावर आलं आणि मोठमोठ्या गाड्या बोनेट उघडून उभ्या राहिल्या, तेव्हा ही आपली खोकत खोकत घरी आली. रस्त्यात उभी म्हणून कधी राहिली नाही.

याचं श्रेय गाडीला जेवढं, तेवढंच सहादेवरावांच्या चिकटपणाला. वीज कंपनीच्या ऑफिसात आयुष्य गेलं त्यांचं, तिथे कागदाला टाचणी लावायची तीही सरळ लावणारा माणूस. रविवारी सकाळी विहारात वंदना करून आले की पांढरा शर्ट काढून बनियनवर खाली उतरायचे, बोनेट उघडायचे आणि तासभर आत डोकं घालून बसायचे. ऑइल मुदतीआधी बदलायचं. किल्ली अर्धी फिरवून, पंपाचा आवाज थांबेपर्यंत वाट बघून मगच स्टार्ट मारायचा. कुठे जायचं नसलं तरी एक दिवसाआड इंजिन चालू करून ठेवायचं. मी वरून खिडकीतून ओरडायचे, "अहो, तिला चहा पाठवू का?" ते हात हलवायचे. एकूण आमचं तिघांचं बरं चाललं होतं.

असा माणूस दगदग नको म्हणून गाडी विकतोय, हे मला पटेना. आरटीओच्या खेपा म्हणजे यांच्या आवडीचं काम. पण त्या सकाळी कढई ओट्यावर ठेवता ठेवताच मला खरं कारण कळलं होतं. महिनाभर मी जे बघत होते, ते यांनाही कळलंय, हे मला कळलं.

महिन्याभरापूर्वी हे एकटेच दळण आणायला गेले होते. परत येताना आमच्याच पार्किंगमधल्या खांबाला गाडीची डावी बाजू घासली, हेडलाइटपासून मागच्या दारापर्यंत. तो खांब आम्ही राहायला आल्यापासून तिथेच आहे. वर येऊन म्हणाले, "गाडी घासली," आणि पिठाचा डबा मांडीवर घेऊन सोफ्यावर बसून राहिले.

तेव्हापासून मी डोळ्यात तेल घालून बघायला लागले. जेवताना ताटात डावीकडे वाढलेली चटणी तशीच राहायची. उदगीरचा माणूस आणि शेंगदाण्याची चटणी ताटात सोडून उठतो! मी एकदा मुद्दाम ताट फिरवून चटणी उजवीकडे आणली, तर बोट चाटून पुसून खाल्ली. बेडरूमच्या दाराच्या चौकटीला डावा खांदा लागायचा. डाव्या हाताला ठेवलेला चहाचा कप दोनदा सांडला. मी फडकं घेऊन पुसलं. पण मला सारखे माझे सासरे आठवायला लागले.

सासऱ्यांना काचबिंदू झाला होता. गावात कुणाला काय कळतंय, सगळे म्हणाले मोतीबिंदू आहे, पिकू द्या, पिकला की शिबिरात काढून टाकतील. पिकायची वाट बघता बघता दोन्ही डोळे गेले. शेवटी घरापासून लिंबाच्या झाडापर्यंत एक दोरी बांधली होती, ती धरून ते सकाळी बाहेर जायचे आणि तीच धरून परत यायचे. ती दोरी सहादेवरावांनी स्वतःच्या हाताने बांधली होती. आणि काचबिंदू बापाकडून मुलाकडे येतो, हे मला टीव्हीवरच्या एका डॉक्टरांनी सांगितलं होतं.

म्हणून मी विचारलं, "अहो, एकदा डोळे दाखवून येऊ या का?"

"चष्मा आत्ताच तर बदलला."

"नीट दिसतं का तुम्हाला?"

"हा काय, पेपर वाचतोय ना तुझ्यासमोर."

आता बघा. चष्मा खरंच बदलला होता. पेपर खरंच वाचत होते. आमच्या यांचं हे असं आहे. दर रविवारी पंचशील घेणारा माणूस, खोटं बोलणार नाही म्हणजे नाही. भाजीवाल्याने चुकून जास्त दिलेली जुडी परत करायला चार जिने उतरणारा. पण खरं बोलून खरं लपवता येतं, हे त्यांना या वयात कुठून सुचलं कोण जाणे. मी दवाखान्यात दोनदा नंबर लावला. एकदा विहाराची मीटिंग निघाली, एकदा पाठ धरली. पायल फोनवर म्हणाली, "आई, तू पप्पांना उचलून ने ना सरळ."

"तुझे पप्पा काय दळणाचा डबा आहेत?" मी म्हटलं. चिडून फोन ठेवला आणि मग रडले. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. जे दिसायचं जातं ते परत येत नाही, असं तोच टीव्हीवरचा डॉक्टर म्हणाला होता, आणि इथे आठवड्यामागून आठवडे जात होते. गाडी विकली काय, ठेवली काय, मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मला यांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं. ते वाक्य यांच्या तोंडून निघाल्याशिवाय हा माणूस डॉक्टरची पायरी चढणार नव्हता.

तर गाडी बघायला लोक यायला लागले. पहिला आला तो काशीमीराचा जुन्या गाड्यांचा एजंट. गॉगल कपाळावर, दोन फोन. सहादेवराव त्याला खाली घेऊन गेले आणि त्याने काही विचारायच्या आतच सुरू झाले. सकाळी दुसरा गिअर अडतो. मागची डावी काच वर जाताना हाताने आधार द्यावा लागतो. एसी आहे, पण फार अपेक्षा ठेवू नका. पावसात पुढच्या मॅटखाली ओल येते, कुठून येते ते सापडलेलं नाही. उजवीकडे वळताना हॉर्न कधी वाजतो, कधी वाजत नाही. आणि ही डावी बाजू खांबाला घासली आहे, माझ्याकडून.

एजंट हसायला लागला. "अंकल, आप गाड़ी बेच रहे हो या उसकी कंप्लेंट कर रहे हो?"

"जो है वो बता रहा हूँ."

"इतना सच बोलोगे तो ये सीधा भंगार में जाएगी. मैं तो भंगार के भाव में ही लेगा." मग जाता जाता त्याने विचारलं, "वैसे बेच क्यों रहे हो?"

"पंद्रह साल होने को आए. फिर से पासिंग करना पड़ेगा."

भंगाराचं नाव ऐकून यांचा चेहरा उतरला. दोन दिवस नीट जेवले नाहीत. गाडी चालती आहे, इंजिन अजून घड्याळासारखं चालतं, ती तोडायला द्यायची म्हणजे काय, असं जिन्यात भेटेल त्याला सांगत होते. मला वाटलं आता तरी बोलतील. नाही बोलले.

मग केबिन रोडवरून एक नवीन लग्न झालेलं जोडपं आलं. मुलगा गाडीवर लट्टू झाला होता. हे मॅटखालची ओल दाखवायला वाकले, मॅट उचललं, आणि त्या मुलीने नाकाला ओढणी लावली. "मला वासाचा त्रास होतो," ती नवऱ्याला म्हणाली. झालं. तरी त्या मुलानेही निघताना तोच प्रश्न केला, "काका, गाडी का विकताय?" आणि यांनी पासिंगचं तेच उत्तर दिलं. मी शेजारी उभी होते. यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

त्यानंतर आठवडाभर कुणी आलं नाही. मी बाजारात बोंबील घेत होते तेव्हा शांताबाईंच्या कानावर घातलं. शांताबाई मुर्धा गावच्या, कोळीण. माझी त्यांच्याकडे कित्येक वर्षांची गिऱ्हाइकी, आणि भांडणंही तितकीच जुनी. त्यांची सून रीमा घरून मासळीच्या जेवणाच्या ऑर्डरी घेते, मीरा रोडपर्यंत डबे पोचवते, आणि रिक्षावाले डब्यांना वास येतो म्हणून तिला घेत नाहीत. तिला छोटी गाडी हवी होती. गाडी चालवायला ती शिकून बसली होती.

दुसऱ्याच दिवशी सकाळी दोघी रिक्षाने आल्या. रीमा ड्रेसमध्ये, केस वर बांधलेले, गप्प. शांताबाई बाजाराच्या लुगड्यातच, कानात सोनं, तोंडात तंबाखू. खाली उतरल्या उतरल्या त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला पायाने दाबून बघितलं, दार उघडून आत नाक घातलं.

"वली हाय खालती," त्या म्हणाल्या.

"हो, ओल येते," सहादेवराव म्हणाले, आणि त्यांनी आपली ती सगळी माळ ओढली. दुसरा गिअर, मागची काच, एसी, हॉर्न, खांब. शांताबाई कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. मला वाटलं, गेलं हेही गिऱ्हाईक.

पण त्या म्हणाल्या, "बरा हाय. इंजन?"

"इंजिनाला बघायचं काम नाही. आजवर रस्त्यात थांबली नाही."

"मंग विकतांव कशाला?"

"पंधरा वर्षं होत आली. पुन्हा पासिंग करावं लागेल."

शांताबाईंनी बाजूला जाऊन तंबाखू थुंकली आणि परत आल्या. "भाऊ, मी रोज म्हावरा इकते. तुमी सगल्या खोडी सांगल्याव, आमी इचारायच्या आगुदर. आनि पासिंगसाठी चांगली गाडी सोरतांव? ह्या काय मना पटत न्हाय. कोन मेला बिला काय गाडीत?"

"नाही हो!" मी म्हटलं.

"ताई, तुमी थांबा. भाऊंना बोलू द्या."

सहादेवरावांनी रुमाल काढून चष्मा पुसला. शांताबाईंनी पुढचं दार उघडलं आणि डावीकडच्या सीटवर लुगडं आवरून बसल्या. "चला. तुमी चालवा. तुमच्या हातात गाडी कशी चालते ती बगते. मालकाच्या हातात कलतो सगला."

"सुनबाई चालवू दे ना. तिलाच घ्यायची आहे."

"ती चालवंल मंग. आगुदर तुमी."

आधीच्या लोकांना यांनी किल्ली देऊन टाकली होती, तुम्हीच चालवा म्हणून. इथे ते चाललं नाही. रीमा मागे जाऊन बसली. सहादेवरावांनी माझ्याकडे बघितलं. मी काही मदत केली नाही. मी पदर तोंडाला लावून खांबापाशी उभी होते, आणि खरं सांगते, मला त्या क्षणी त्यांची कीवही आली आणि रागही आला.

ते बसले. किल्ली अर्धी फिरवली, पंपाचा आवाज थांबेपर्यंत थांबले, मग पूर्ण फिरवली. गाडी एका दमात चालू झाली. रिव्हर्स टाकला. उजव्या आरशात बघितलं. मग डाव्या आरशाकडे मान वळवली आणि तिथेच राहिले. इंजिन चालू, पाय क्लचवर, आणि माणूस नुसता बसलेला. सोसायटीचा झाडूवाला झाडू थांबवून बघायला लागला.

"काय झाला?" शांताबाईंनी विचारलं.

यांनी गाडी बंद केली. दोन्ही हात चाकावर तसेच ठेवून म्हणाले, "तुम्हाला घेऊन मला चालवता येणार नाही, बाई. मला डाव्या बाजूचं दिसत नाही. म्हणून विकतोय."

मला वाटलं होतं, हे वाक्य ऐकलं की मी म्हणेन, बघा, मी म्हणत नव्हते! तसलं काहीच झालं नाही. मी खांबाला टेकले आणि सगळ्यांसमोर रडायला लागले. रीमा गाडीतून उतरून माझ्याजवळ आली, तिने माझा हात धरला.

शांताबाईंना मात्र रडण्याबिडण्याशी काही घेणं नव्हतं. "डाक्टरला दावलाव?"

"नाही."

"कवापासना न्हाय दिसत?"

यांनी बोटाने डॅशबोर्डवरची धूळ पुसली.

"येवरा शिकलेला मानूस, नि डोला दावला न्हाय? मना सांगा, गाडीचा ऑइल येलच्या येली बदलतांव ना?" शांताबाई दार उघडून खाली उतरल्या. "ए रीमा, बस पुढं. गाडी बगायची हाय ना? मंग मीरा रोडला नेऊन बग. डोल्यांचा दवाखाना हाय तिकरं. भाऊ, तुमी इकरं या, या बाजूला बसा."

इतके दिवस मी हातापाया पडत होते, आणि एका कोळणीच्या हुकमावर आमचे साहेब मुकाट्याने उठले, बोनेटला हात लावत पुढून फिरून आले आणि डाव्या सीटवर बसले. सीटबेल्ट कुठे आहे ते सापडेना त्यांना. रीमाने लावून दिला. मी आणि शांताबाई मागे बसलो.

रीमा चांगली चालवत होती. सोसायटीच्या गेटबाहेर दुसरा गिअर अडला तेव्हा हे समोर बघतच म्हणाले, "जोर लावू नकोस. क्लच पूर्ण दाब, जरा थांब, आता टाक." पडला. पुढे गोल्डन नेस्टच्या सर्कलला हे नुसत्या आवाजावर सांगत होते, आता वाढव, आता सोड, आता तिसऱ्यावर ये. रीमा "हो काका, हो काका" म्हणत होती. शांताबाई मला कोपराने ढोसून हळूच म्हणाल्या, "गाडी बरी हाय." भाव त्यांनी अजून काढला नव्हता, पण मला कळलं की गाडी त्यांच्या मनात भरली आहे.

दवाखान्यात गर्दी होती. आमचा नंबर यायला वेळ लागला. डोळ्यात थेंब घातले, मग एका मशीनमध्ये डोकं घालायला लावलं आणि हातात एक बटण दिलं. दिवा दिसला की दाबायचं. मी दारातून बघत होते. डाव्या डोळ्याच्या वेळी बटणाचा आवाज येईचना. बाहेरच्या स्क्रीनवर मला दिवे लुकलुकताना दिसत होते आणि हे बटण हातात धरून शहाण्या मुलासारखे वाट बघत बसले होते.

डॉक्टर तरुण होत्या, आमच्या पायलच्या वयाच्या. त्यांनी सरळ सांगितलं. काचबिंदू आहे. डावा डोळा बराचसा गेला, जे गेलं ते येणार नाही. उजव्यालाही नाकाच्या बाजूने सुरुवात झाली आहे, पण तो वाचवता येईल. आजपासून थेंब, एकही दिवस चुकवायचा नाही, आणि गाडी चालवणं कायमचं बंद. आणखी उशीर केला असता तर उजव्याचंही सांगता आलं नसतं, म्हणाल्या. मी हात जोडले. उजवा वाचणार, एवढंच माझ्या कानात शिरलं होतं.

मग त्यांनी कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "काका, डावीकडचं दिसत नाही हे कधी लक्षात आलं?"

"दोन वर्षं झाली असतील," हे म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. माझा हिशेब महिन्याचा होता. दोन वर्षं! या दोन वर्षांत आम्ही दोनदा उदगीरला जाऊन आलो होतो. माळशेज घाटातून, पावसात, धुक्यात, समोरून ट्रक, डावीकडे दरी. आणि त्या डाव्या सीटवर मी बसले होते, मांडीवर डबा घेऊन.

मी डॉक्टरांच्या हातून कागद घेतला. बाहेर पॅसेजमध्ये आल्यावर मात्र मी यांचा दंड धरला. आवाज खाली ठेवायचा प्रयत्न केला, पण माझा आवाज खाली राहत नाही. "दोन वर्षं? परक्या बाईला घेऊन पार्किंगमध्ये गाडी मागे घेववेना तुम्हाला, तिच्या जिवाची काळजी! आणि मला घेऊन माळशेज उतरलात? माझा जीव काय फुकटचा होता?"

"तसं नाही, वैजू."

"मग कसं?"

थेंबांमुळे यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, की आणखी कशामुळे, ते मला सांगता येणार नाही. ते माझ्याकडे वळले, मान पूर्ण फिरवून, मी त्यांच्या डाव्या हाताला उभी होते म्हणून. "तू असलीस की मला दिसायचं," ते म्हणाले. "तू बसल्यापासून उतरेपर्यंत बोलतेस ना. अहो रिक्षा घुसतेय, अहो कुत्रं आहे, अहो कडेला घेऊ नका खड्डा आहे, अहो तो म्हातारा रस्त्यात उतरला. डावीकडचं सगळं तू सांगायचीस. मी तेवढ्यावर चालवत होतो. तू नसताना मला काही जमत नाही, हे मला..."

लग्न झाल्यापासून गाडीत, स्कूटरवर, अगदी भाड्याच्या सायकलवरसुद्धा हा माणूस मला गप्प बस म्हणत आला. गेली दोन वर्षं म्हणत नव्हता. मला वाटलं होतं, म्हातारपणी शहाणपण आलं. मी मनातल्या मनात खूषही झाले होते. आणि हा मला डोळा करून माझ्या भरवशावर घाट उतरत होता, मला न विचारता. मी असा भयंकर राग आजवर कुणाचा केला नसेल, आणि त्याच वेळी मला त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरावंसं वाटत होतं. पॅसेजमध्ये माणसं होती म्हणून नाही धरलं.

खाली शांताबाई आणि रीमा गाडीपाशीच थांबल्या होत्या. मी काय झालं ते थोडक्यात सांगितलं. शांताबाईंनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि यांना म्हणाल्या, "भाऊ, गाडी आमची झाली. पासिंगला मातर तुमी यायचा रीमासंगती, तिला तिकरचा काय कलत न्हाय." यांचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा झाला. येईन की, येईन की, असं दोनदा म्हणाले.

परतताना पुन्हा तसेच बसलो. रीमा चालवत होती, हे तिच्या शेजारी, मी यांच्या मागे. डोळ्यात थेंब असल्यामुळे यांना ऊन सहन होत नव्हतं, म्हणून डोळे मिटून बसले होते. मी काही बोलत नव्हते. बोलायचंच नाही असं ठरवलं होतं, निदान घरी जाईपर्यंत. इतकी चूप मी त्या गाडीत कधी बसले नसेन. शांताबाईंनी दोनदा काही विचारलं, त्यांनाही मी मानेनेच उत्तर दिलं.

सिग्नलला गाडी थांबली. यांनी हात मागे आणला, दोन सीटच्या मधून, आणि चाचपडल्यासारखा केला.

"वैजू," ते म्हणाले, "मागे आहेस ना गं?"

माझा राग गेला नव्हता. अजूनही पुरता गेलेला नाही. पण मी तो हात धरला.

"आहे," मी म्हटलं. "मी कुठे जातेय?" आणि सिग्नल सुटला तशी रीमाला म्हटलं, "बाई गं, डावीकडून रिक्षा घुसतेय बघ, जरा सांभाळून घे."